सुनेच्या रक्ताचा अहवाल घरातील ज्येष्ठांनी का वाचावा?

गरोदरपणातील रक्ततपासण्यांविषयीचे लेख सहसा गरोदर स्त्रीला उद्देशून लिहिले जातात. हा लेख मी मुद्दाम आपल्यासाठी लिहीत आहे. आपण म्हणजे ज्यांच्या घरी सून किंवा लेक गरोदर आहे, किंवा नातवंड नुकतेच घरी आले आहे, असे आजी-आजोबा. आणि त्यांच्यासह दोन पिढ्यांची औषधे एकाच वेळी सांभाळणारी घरातील मंडळी. असे का, हे सांगण्यासाठी मला माझ्या एका चुकीपासून सुरुवात करावी लागेल.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या दवाखान्यात दर महिन्याला एक आजी येत असत. मधुमेहासाठी त्यांना मेटफॉर्मिनच्या गोळ्या बरीच वर्षे चालू होत्या. तळपायांना मुंग्या येतात, चालताना पायाखाली कापूस असल्यासारखे वाटते, अशी त्यांची तक्रार होती. तपासले तेव्हा रक्तातील बी-१२ जीवनसत्त्व फार कमी निघाले. इंजेक्शने सुरू केली, मुंग्या कमी झाल्या. आजी समाधानी, मीही समाधानी. त्याच वर्षी त्यांच्या सूनबाईंना दिवस गेले. त्यांच्या तपासण्याही माझ्याकडेच होत. हिमोग्लोबिन ११.४ आले. मी अहवालावर बरोबरची खूण केली आणि आजींना म्हणालो, "काळजी करू नका, सूनबाईंचं रक्त चांगलं आहे." यथावकाश पूर्ण दिवसांचे, दोन किलो सहाशे ग्रॅम वजनाचे बाळ जन्मले. घरात बारसे थाटात झाले.

बाळ नऊ महिन्यांचे झाले तेव्हा आजी त्याला घेऊन आल्या. "सहाव्या महिन्यात टेकवून बसवलं तर बसायचं, डॉक्टर. आता मानही नीट धरत नाही. हाक मारली तरी बघत नाही. हसणंच विसरलं बघा." बाळ अंगाने गुटगुटीत होते, पण चेहऱ्यावर कोणताच भाव नव्हता. केस विरळ आणि तांबूस झालेले, बोटांच्या पेरांवरची कातडी काळवंडलेली, हिमोग्लोबिन साडेसात. मी त्याच दिवशी त्याला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले. निदान झाले, बी-१२ ची तीव्र कमतरता. आईचे रक्त तपासले, तर तिथेही तेच. बाळ जवळजवळ केवळ आईच्या दुधावर होते, आणि जे आईच्या रक्तात नव्हते ते दुधात येणार कुठून?

ज्या जीवनसत्त्वाची इंजेक्शने मी सासूबाईंना देत होतो, त्याच जीवनसत्त्वाचा प्रश्न त्याच स्वयंपाकघरात जेवणाऱ्या गरोदर सुनेच्या बाबतीत मला सुचला नाही. दोन्ही फाइली माझ्याच टेबलावरून जात होत्या. त्या शेजारी ठेवून मी कधी वाचल्या नाहीत. तेव्हापासून मी घरातील ज्येष्ठांशी या विषयावर बोलू लागलो, कारण या दोन फाइली जिथे खरोखर शेजारी शेजारी असतात ते ठिकाण म्हणजे आपल्या घरातले कपाट.

गर्भाशयात बाळाला स्वतःचे काही मिळवता येत नाही. लोह, जीवनसत्त्वे, साखर, थायरॉइडचे संप्रेरक हे सारे त्याला आईच्या रक्तातून वारेमार्फत आणि नाळेमार्फत पोचते. म्हणून आईच्या रक्तातील काही घटकांचे प्रमाण मोजले, तर बाळाच्या वाढीला काय मिळत आहे आणि काय नाही याचा अंदाज बांधता येतो. वैद्यकात अशा खुणांना ‘बायोमार्कर’ म्हणतात. शब्द नवा असला तरी कल्पना जुनी आहे, आणि तिचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्या मुंबईत लिहिला गेला आहे.

१९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज महिला डॉक्टर मुंबईत आल्या. येथील कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणात एक विचित्र पंडुरोग होत असे आणि त्यात अनेकींचा जीव जाई. त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या असत. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना विल्स यांनी या स्त्रियांच्या आहाराचा बारकाईने अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने, म्हणजे पावावर लावायच्या साध्या ‘मार्माइट’ने, हा पंडुरोग बरा होतो हे दाखवून दिले. १९३१ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य कोणते हे पुढे दहा वर्षांनी, १९४१ मध्ये, पालकाच्या पानांतून वेगळे काढल्यावर कळले. तेच आजचे फॉलिक अॅसिड. आज आपल्या सुनेला दिवस राहताच, किंबहुना त्याआधीपासूनच, जी छोटी गोळी सुरू केली जाते तिचा उगम परळच्या त्या कामात आहे. ‘त्याआधीपासूनच’ असे म्हणण्याचे कारण असे की, बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतो, ती नळी गर्भधारणेनंतर अवघ्या २८ दिवसांत मिटते. तेवढ्यात पुष्कळदा पाळी चुकल्याचेही पुरते ध्यानात आलेले नसते.

आता हिमोग्लोबिनकडे येऊ. गरोदरपणात ते ११ ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय आणि ७ च्या खाली गेले की तीव्र रक्तक्षय मानतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांत रक्तक्षय आढळला. निम्म्याहून अधिक. एवढ्या घरांत जी गोष्ट घडते तिला लोक ‘गरोदरपणात व्हायचंच’ असे म्हणू लागतात, आणि खरा घात तिथेच होतो. गरोदरपणात रक्तातील पाण्याचा अंश तांबड्या पेशींपेक्षा अधिक वाढतो, त्यामुळे आकडा थोडा खाली येणे स्वाभाविक आहे, पण ‘थोडा’. पूर्ण गरोदरपणात आईला सुमारे एक हजार मिलिग्रॅम लोह जास्तीचे लागते. एवढी शिल्लक आपल्याकडील बहुतेक मुलींच्या शरीरात लग्नाच्या दिवशीही नसते. ही शिल्लक किती आहे हे फेरिटिन नावाच्या तपासणीने कळते. हिमोग्लोबिन म्हणजे खिशातले पैसे आणि फेरिटिन म्हणजे बँकेतली ठेव, असे मी रुग्णांना सांगतो. खिशात पैसे दिसत असताना ठेव संपलेली असू शकते.

बाळाच्या दृष्टीने पाहिले, तर जन्मानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांचे बरेचसे लोह बाळ पोटातूनच घेऊन येते. आईचे दूध अमृतासारखे असले तरी त्यात लोह अल्प असते. मेंदूतील मज्जातंतूंवर आवरण चढण्यासाठी लोह लागते. ही शिदोरी तोकडी पडली तर त्याची झळ मेंदूच्या घडणीला लागते. जाता जाता एक सांगतो. पूर्वीच्या कित्येक सुईणी नाळ कापायची घाई करीत नसत. मध्यंतरी आम्ही डॉक्टरांनी ती घाई सुरू केली, आणि आता जागतिक आरोग्य संघटनाच सांगते की निदान एक मिनिट थांबा, कारण तेवढ्या वेळात वारेतील बरेच रक्त आणि त्यासोबतचे लोह बाळाकडे येते. काही बाबतींत आपली जुनी माणसे बरोबर होती.

मात्र काही बाबतींत नव्हती, हेही स्पष्ट सांगायला हवे. "लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळं होतं" हे मी आजही ऐकतो. बाळाचा रंग आई-वडिलांकडून येतो; गोळीने काळी होते ती फक्त शौचाची रंगछटा. "पोटात बाळ फार वाढलं तर बाळंतपण अवघड जाईल" म्हणून शेवटच्या तीन महिन्यांत सुनेचे ताट आखडते घेणारी घरेही मी पाहिली आहेत. बाळाचे सर्वाधिक वजन वाढते ते नेमके त्याच महिन्यांत. शासनाच्या ‘अॅनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात गरोदर स्त्रीला चौथ्या महिन्यापासून रोज लोहाची लाल गोळी, कमीत कमी १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस द्यावयाची आहे. त्या दुसऱ्या १८० दिवसांची आठवण फारसे कुणी ठेवत नाही. ती आपण ठेवा. गोळीने मळमळते, बद्धकोष्ठ होतो, हे खरे आहे. अशा वेळी गोळी बंद न करता डॉक्टरांकडून वेळ किंवा प्रकार बदलून घ्यावा. गोळीबरोबर चहा नको, दूध नको, कॅल्शियमची गोळी तर नकोच. लिंबू पिळलेले पाणी किंवा आवळा चालतो. बाळंतिणीला अळिवाची खीर देण्याची आपली पद्धत उत्तम आहे, अळिवात लोह भरपूर असते, पण ती गोळीची जागा घेऊ शकत नाही.

आता बी-१२. माझी चूक जिथे झाली ते हेच ठिकाण असल्याने इथे थोडा अधिक वेळ थांबतो.

हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मांस अशा प्राणिज पदार्थांतूनच मिळते. भाज्या, डाळी, फळे यांतून नाही. शाकाहारी माणसाला ते दुधातून मिळू शकते, मात्र दूध पुरेसे प्यायला हवे. माझ्या त्या आजींच्या गोठ्यात दोन म्हशी होत्या. मला वाटले, घरचे दूध आहे, चिंता नाही. प्रत्यक्षात सकाळ-संध्याकाळ सारे दूध डेअरीच्या केंद्रावर जात असे. घरात राही ते चहापुरते. सूनबाई गुरुवार आणि चतुर्थीचे उपास करीत. उपासाला साबुदाणा, ज्यात पिष्टाखेरीज जवळजवळ काही नाही. घरात म्हशी असूनही त्या घराच्या रक्तात बी-१२ नव्हते. आजींच्या बाबतीत मेटफॉर्मिनने त्यात भर घातली. ते औषध, तसेच पित्तासाठी वर्षानुवर्षे घेतल्या जाणाऱ्या ओमेप्राझोल, पँटोप्राझोलसारख्या गोळ्या, आणि वयोमानाने जठरातील आम्ल कमी होणे, या तिन्हींमुळे बी-१२ शरीरात कमी शोषले जाते.

मग मी फसलो कसा? बी-१२ कमी असेल तर तांबड्या पेशी मोठ्या होतात, लोह कमी असेल तर लहान. दोन्ही कमी असतील तर यंत्राने काढलेली सरासरी नेमकी ‘नॉर्मल’ येते. एक उंच आणि एक बुटका माणूस शेजारी उभा केला की सरासरी उंची मध्यम निघते, तसे. सूनबाईंच्या अहवालात पेशींचा आकार नॉर्मल होता, हिमोग्लोबिन ११ च्या वर होते, आणि मी पुढचे पान उलटले. त्यातच फॉलिक अॅसिडची गोळी चालू होती. ही गोळी बी-१२ च्या अभावाने होणारा रक्तक्षय काही अंशी झाकू शकते, मज्जातंतूंची हानी मात्र आत चालूच राहते. म्हणून फॉलिक अॅसिड बंद करायचे का? मुळीच नाही. ते हवेच. त्याच्या जोडीला बी-१२ पुरेसे आहे ना, एवढे पाहायला हवे.

दूध पिणाऱ्या बाळात या अभावामुळे होणारा आजार आपल्या देशात नवा नाही. वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९६२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्याचे नेमके वर्णन केले होते: चार-सहा महिने ठीक वाढणारे बाळ हळूहळू मंद होते, शिकलेले विसरते, पेरांवरची त्वचा काळवंडते, पुढे हातपाय थरथरू लागतात.

आणि आईच्या रक्तातील बी-१२ चा बाळाच्या पुढच्या आयुष्याशी काय संबंध आहे, याविषयी जगाला सांगण्याचे काम आपल्या पुण्याने केले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यांची बाळे जन्मतः सरासरी पावणेतीन किलोच्या आसपास, दिसायला बारीक. पण इंग्लंडमधील बाळांशी तुलना केली तेव्हा असे दिसले की स्नायू कमी असूनही त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती. अंगाने बारीक आणि आतून मेदयुक्त. ज्या माता दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे अधिक वेळा खात, त्यांची बाळे जन्मतः भरीव निघाली. पुढे साठवलेले रक्त तपासले तेव्हा जवळजवळ दोन-तृतीयांश मातांत बी-१२ कमी आढळले. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फॉलिक अॅसिड जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. मधुमेहाची पहिली पायरी ती हीच. त्याच गावांतील नऊ वर्षांच्या मुलांच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा ज्यांच्या आयांचे बी-१२ गरोदरपणात फार कमी होते ती मुले एकाग्रतेच्या आणि क्षणिक स्मरणाच्या काही चाचण्यांत मागे पडली.

हा अभ्यास वाचताना माझ्या मनात एक विचार येतो. आपल्यापैकी अनेकांना पन्नाशीत मधुमेह झाला तेव्हा आपण गोड खाण्याला आणि कामाच्या ताणाला दोष दिला. तोही असतोच. पण त्या मधुमेहाची काही मुळे आपल्या आईच्या ताटात, १९५०-६० च्या टंचाईच्या दिवसांत, रुजलेली असू शकतात. त्या माउल्यांना दोष देण्याचा यात प्रश्नच नाही. घरातले सर्वांचे जेवण उरकल्यावर जे उरेल ते खाणे ही तेव्हाची रीत होती. ती रीत आता आपल्या घरातून गेली आहे का, एवढे पाहावे.

याच अभ्यासातून पुढे एक पाऊल टाकले गेले. त्या गावांतील मुले-मुली किशोरवयात आली तेव्हा त्यांच्यातील काहींना लग्नाच्या कितीतरी आधीपासून रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२ देण्यात आले. त्यांना पुढे झालेल्या बाळांचे जन्मवजन त्यामुळे वाढले नाही. मात्र ज्या गटाला केवळ बी-१२ दिले होते, त्यातील बालकांची आकलन आणि भाषा यांची वाढ दोन-तीन वर्षांच्या वयात अधिक चांगली आढळली. म्हणजे सोळा वर्षांच्या नातीच्या आहाराकडे आज लक्ष देणे हेही पणतवंडाची काळजी घेणेच आहे.

गरोदरपणातील बी-१२ चा आकडा वाचताना एक सावधगिरी बाळगावी. या काळात तो स्वाभाविकपणेही खाली येतो, त्यामुळे केवळ कागदावर लाल अक्षर दिसले म्हणून घाबरू नये आणि औषधाच्या दुकानातून परस्पर इंजेक्शने आणू नयेत. ही तपासणी गरोदरपणातील नेहमीच्या यादीत सगळीकडे नसते. घर शाकाहारी असेल, दूध बेताचे असेल, किंवा आपल्या स्वतःच्या रक्तात बी-१२ कमी निघाले असेल, तर ही गोष्ट सुनेच्या डॉक्टरांना आपण होऊन सांगा. "मला बी-१२ ची इंजेक्शनं चालू आहेत" हे एक वाक्य पुरेसे आहे. मला ते माहीत असूनही मी ऐकले नव्हते. दुसरा डॉक्टर ऐकेल.

थायरॉइडच्या बाबतीतही स्वयंपाकघर मध्ये येतेच. पहिले सुमारे बारा आठवडे बाळाची थायरॉइड ग्रंथी काम करीत नाही. तोवर मेंदूच्या वाढीसाठी लागणारे संप्रेरक आईकडूनच यावे लागते. १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गरोदरपणात थायरॉइडची कमतरता असूनही उपचार न मिळालेल्या मातांच्या मुलांचा बुद्ध्यंक सात ते नऊ वर्षांच्या वयात सरासरी सात अंकांनी कमी आढळला. नंतरच्या मोठ्या चाचण्यांत, अगदी सौम्य कमतरतेवर औषध देऊन मुलांच्या बुद्ध्यंकात फरक पडल्याचे दिसले नाही. म्हणून टीएसएचचा आकडा किंचित वर आहे एवढ्यावरून सुनेच्या मागे लागू नये. पण कमतरता स्पष्ट असेल तर गोळी एक दिवसही चुकू देऊ नये. अहवालावर छापलेली ‘नॉर्मल’ची मर्यादा सामान्य माणसासाठी असते, गरोदरपणाची मर्यादा निराळी असते, तो निर्णय डॉक्टरांचा. ज्या मुलीला आधीपासून थायरॉइडची गोळी चालू आहे, तिला दिवस राहताच बहुधा मात्रा वाढवावी लागते. तेव्हा तिने पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना कळवावे. ही गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांपासून चार तास दूर ठेवायची. कौतुकाने तीनही गोळ्या एका वाटीत काढून सुनेच्या हातावर ठेवणाऱ्या सासूबाई मी पाहिल्या आहेत. प्रेम खरे, पण त्यात एका गोळीचा गुण दुसरी गिळून टाकते.

आणखी एक. रक्तदाबासाठी किंवा ‘नैसर्गिक’ म्हणून पुष्कळ ज्येष्ठांनी घरात सैंधव मीठ सुरू केले आहे. त्यात पुरेसे आयोडिन नसते, आणि रक्तदाबाला ते साध्या मिठाइतकेच वाईट आहे. आपण मीठ कमी खा, अवश्य खा कमी. मात्र घरात जे मीठ असेल ते आयोडिनयुक्तच असू द्या. ज्या भांड्यातून आपली आमटी वाढली जाते, त्याच भांड्यातून सुनेची.

बाळ जन्मल्यानंतर त्याच्या स्वतःच्या रक्ताची पाळी येते. जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेला बारीक टोचून रक्ताचे काही थेंब विशिष्ट कागदावर घेतात. "एवढ्याशा जिवाला कशाला टोचता?" असा आजीचा कळवळा मी समजू शकतो. पण आपल्या देशात साधारण हजार-बाराशे बाळांमागे एक बाळ थायरॉइडच्या कमतरतेसह जन्मते, आणि पहिल्या काही आठवड्यांत ते वरून ओळखता येत नाही. उलट असे बाळ फार रडत नाही, पुष्कळ झोपते, आणि घरात त्याचे ‘किती शहाणं, किती शांत’ म्हणून कौतुक होत असते. पहिल्या दोन आठवड्यांत रोजची एक छोटी गोळी सुरू झाली तर ते इतर मुलांसारखेच वाढते, शिकते. काही महिने उशीर झाला तर मेंदूची झालेली हानी पुरती भरून निघत नाही. गोव्यासारख्या छोट्या राज्याने २००८ मध्येच नवजात बाळांची अशी तपासणी शासकीय पातळीवर सुरू केली होती. आपल्याकडे ती काही ठिकाणी होते, काही ठिकाणी मागून घ्यावी लागते. प्रसूतिगृहातून घरी निघण्यापूर्वी विचारा. यात एक व्यवहाराची अडचण येते. पहिले बाळंतपण माहेरी होते, कागदावर फोन नंबर सासरचा किंवा बाळाच्या वडिलांचा, ते कामावर. अहवाल तयार होतो आणि कुणालाच पोचत नाही. जिथे बाळ राहणार आहे तिथल्या, सतत उचलल्या जाणाऱ्या फोनचा नंबर द्यावा. तो पुष्कळदा आजोबांचा असतो.

काविळीविषयी दोनच गोष्टी. जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुष्कळ बाळांना सौम्य कावीळ दिसते आणि ती ओसरते. परंतु पहिल्या चोवीस तासांत दिसलेली कावीळ, तळहात-तळपायांपर्यंत उतरलेला पिवळेपणा, किंवा बाळ ओढून दूध पीत नसेल, तर कोवळ्या उन्हात धरून बसण्यात वेळ घालवू नये. रक्तातील बिलिरुबिन तत्काळ मोजून घ्यावे. आईचा रक्तगट निगेटिव्ह किंवा ‘ओ’ असेल तर ही दक्षता दुप्पट.

साखरेचेही थोडक्यात सांगतो. गरोदर स्त्रीला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी साखर पाहतात. ती १४० किंवा अधिक आली तर गरोदरपणातील मधुमेह मानतात. आईची जादा साखर वार ओलांडून बाळाकडे जाते, आईचे इन्शुलिन मात्र जात नाही. मग बाळाला स्वतःचे इन्शुलिन जास्त तयार करावे लागते आणि ते अवाजवी पोसते. जन्मताच नाळ तुटली की आईकडची साखर थांबते, इन्शुलिन मात्र राहते, आणि चार किलोच्या त्या ‘गोंडस’ बाळाची साखर धोकादायक खाली जाऊ शकते. तेव्हा अशा सुनेला दोन जिवांची म्हणून दुप्पट वाढू नका. डोहाळजेवणात तिच्या ताटातले गोड कमी दिसले तर पाहुण्यांनी काही म्हटले तरी आपण तिची बाजू घ्या.

माझ्या त्या आजींचा नातू इंजेक्शने सुरू झाल्यावर आठव्या दिवशी हसला. बसायला, उभे राहायला लागला. चालला विसाव्या महिन्यात. बोलणे मात्र फार उशिरा आले आणि त्यासाठी त्याला तालुक्याच्या गावी वर्षभर न्यावे लागले. आता तो शाळेत जातो. वाचताना अडखळतो, पण वाचतो.

गेल्या वर्षी त्याच घरात पुन्हा पाळणा हलणार असल्याची बातमी घेऊन आजी आल्या. सोबत प्लॅस्टिकच्या एकाच पिशवीत दोन फाइली होत्या, त्यांची स्वतःची आणि सूनबाईंची. माझ्यासमोर दोन्ही उघडून ठेवत म्हणाल्या, "यावेळी दोन्ही एकदम बघा. आणि दुधाचं म्हणाल, तर किटली केंद्रावर जायच्या आधी एक लिटर मी स्वतः काढून ठेवते." मी दोन्ही फाइली शेजारी ठेवल्या आणि सूनबाईंसाठी पहिल्याच कागदावर बी-१२ लिहिले.